काचेवरचे गंध

कॅमेऱ्याच्या लेन्सवर संरक्षक फिल्टर, म्हणजे वरून एक सपाट काच, लावावा की लावू नये, हा प्रश्न आमच्या घरात तांत्रिक राहिला नाही. त्यावरून माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले स्वतंत्र काम हातचे जाणार होते आणि मोठ्या भावाशी माझे बोलणे बंद झाले. मी नोकरीभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. दोन बाजू असतील तर दोन्ही लिहायच्या, ही सवय हाडीमासी आहे. इथेही दोन्ही लिहिते. पण दोन बाजू लिहिल्या म्हणून दोन्ही सारख्या खऱ्या ठरत नाहीत. आणि मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

भावाचा फोटो स्टुडिओ आहे. कुंभकोणमला महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीत, खाली दुकान आणि वर त्याचे बिऱ्हाड. स्टुडिओ वडिलांनी काढला. ते गेल्यावर तो भावाकडे आला आणि बहीण तिथे कामाला लागली. पुण्याची नोकरी संपवून मी परत आल्यापासून ती माझ्याकडे राहते. लग्नाच्या कामात वाटणी ठरलेली: मांडवातले, मुहूर्ताचे फोटो भावाचे, म्हणजे अण्णाचे, आतल्या खोलीतले, नवरीच्या वेणीचे, बांगड्यांचे, स्वयंपाकघराचे फोटो तिचे. अल्बमवर नाव स्टुडिओचे. तिने काढलेला कुठला आणि त्याने काढलेला कुठला, हे विचारायची पद्धत नाही. माहीत असणाऱ्याला मात्र पान उलटताच कळते.

अशाच एका अल्बमवरून नाचियारकोविलची एक बाई तिला शोधत आली. तिचा पितळी समया ओतण्याचा कारखाना आहे. नवीन माहितीपुस्तकासाठी फोटो हवे होते, आणि समया पेटवलेल्या हव्या होत्या. "विझलेली समई म्हणजे भांडं. माझं गिऱ्हाईक भांडं घ्यायला येत नाही," असे ती तमिळमध्ये म्हणाली. स्टुडिओला नव्हे, तिने बहिणीला विचारले. पुस्तकाच्या शेवटी फोटो काढणाऱ्याचे नाव छापणार होती. विजयादशमीला काम सुरू करायचे, कारण त्या दिवशी धरलेले काम पुढे जाते. बहिणीचे नाव यापूर्वी कुठे छापून आलेले नव्हते. पणाला लागले होते ते एवढेच, आणि मला ते थोडके वाटत नाही.

नमुन्याचे फोटो काढायला ती आधी एकदा जाऊन आली. तेव्हा लेन्सवर फिल्टर होता. स्टुडिओचा नियमच तो: लेन्स खोक्यातून निघाली की तिच्या तोंडावर फिल्टर चढतो आणि पुन्हा उतरत नाही. मालकिणीने फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला आणि बोट ठेवले.

"ही समई पाच वातींची आहे. माझ्या सासऱ्यांचा साचा. फोटोत दहा वाती कशा?"

खरेच दहा होत्या. पाच ज्योती जागच्या जागी, आणि चौकटीच्या समोरच्या कोपऱ्यात, पितळेच्या अंगावर, फिकट हिरव्या, उलट्या टांगलेल्या आणखी पाच. कारण साधे आहे. ज्योतीचा उजेड लेन्समधून आत जातो, आतल्या चकचकीत सेन्सरवर आपटून थोडासा परत फिरतो. वाटेत सपाट काच आडवी आली की ती त्याला आरशासारखी पुन्हा आत ढकलते, आणि ज्योतीचे उलटे भूत फोटोत उमटते. दिवसाउजेडी हे कुणाच्या लक्षात येत नाही. अंधारात दिवा पेटवला की लगेच दिसते. मालकिणीला या स्पष्टीकरणाशी कर्तव्य नव्हते. ती म्हणाली, "बघणारा म्हणेल, ओतीव कामात डाग राहिला." बहिणीने तिथल्या तिथे फिल्टर काढला, दुसरा फोटो घेतला. पाच वाती. मालकीण म्हणाली, "आता ही माझी समई."

बहिणीने ते परत येऊन अण्णाला सांगितले. मी त्या वेळी दुकानात होते.

घरात आम्ही तंजावरी मराठी बोलतो. पुण्यात ती ऐकून लोक मला कीर्तनातली बाई म्हणत. इथे तीच रोजच्या भांडणाची भाषा आहे.

अण्णा म्हणाला, "काच काढूं नक्को. चप्पल न घालतां रस्त्यावर उतरणें तसें तें."

"घरांत चप्पल घालून फिरतात का अण्णा?" बहीण म्हणाली. "समई घरांत असते."

"तोंड बघ हिचें!" हे तो वहिनीकडे बघून म्हणाला. आम्ही तिला मन्नी म्हणतो. मन्नी हसली. मग त्याने नेहमीप्रमाणे काउंटरच्या काचकपाटाकडे बोट दाखवले. तिथे एक फुटका फिल्टर मखमलीवर ठेवलेला आहे, दर शुक्रवारी त्याला कुंकू लागते. एका लग्नात खुर्चीवरून कॅमेरा खाली आला, फिल्टर फुटला, लेन्स वाचली. ही कथा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागते.

"तो नसता तर लेन्स गेली असती."

"पापड फुटला, खालचा पाट नाहीं फुटला," बहीण म्हणाली. "म्हणून पापडानें पाट वांचवला का?"

मन्नी पुन्हा हसली आणि या वेळी अण्णाने तिच्याकडे पाहिले, तशी थांबली. त्या लेन्सच्या कडेला एक ओरखडा आहे आणि तो फुटलेल्या फिल्टरच्या कपच्यांनी पाडलेला आहे, हे कथेत येत नाही. मी ते तेव्हा बोलून दाखवले. अण्णा म्हणाला, "पेपरवालीबाई, बातमी नक्को करूं."

त्याच्या बाजूचे जेवढे खरे आहे तेवढे लिहिते. समुद्राकाठी खारे तुषार उडतात तिथे फिल्टर हवा. देवळात अभिषेकाच्या वेळी दुधाचे, तेलाचे शिंतोडे येतात तिथे हवा. लग्नात लहान मुले बोटे लावतात तिथेही चालेल. बहिणीने हे कधी नाकारले नाही. ती म्हणायची, छत्री पावसात उघडायची. अण्णाचे म्हणणे, छत्री उघडूनच जन्माला यायचे.

आता या फिल्टरचा आमच्या घरातला इतिहास. तो धुळीसाठी आला नाही, पडण्याझडण्यासाठीही आला नाही. तो गंधासाठी आला. आमच्याकडे नवरात्रात आयुधपूजेला कामाची सगळी हत्यारे पूजेत मांडतात. सुताराची करवत, शिंप्याचे यंत्र, रिक्षा, वजनकाटा, सगळ्यांना गंधकुंकू लागते. स्टुडिओत कॅमेऱ्याला लागते. आणि वडिलांची पद्धत अशी की कॅमेऱ्याचे झाकण काढायचे आणि गंध काचेवर लावायचे. डोळा मिटलेल्या माणसाला कुणी गंध लावीत नाही, असे ते म्हणत. पण ते कारागीर होते. पूजेच्या आदल्या संध्याकाळी ते एक जुना फिल्टर लेन्सवर चढवीत, गंध त्याच्यावर घेत, आणि विजयादशमीला पुनःपूजा झाली की तो उतरवून नळाखाली धुऊन डब्यात ठेवीत. वर्षभर लेन्स उघडी. अण्णाने वडिलांचा डबा उघडून फिल्टर घेतला आणि डब्याबरोबर अक्कलही बाहेर टाकली. पूजेपुरती वस्तू बारमाही झाली, आणि मग तीच वडिलांची शिकवण म्हणून सांगितली जाऊ लागली.

मी त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "तूं पुण्यांत होतीस."

वडील होते तेव्हा मी पुण्यात नव्हते. पण ज्याला उत्तर नसते तो पत्ता विचारतो.

आयुधपूजेच्या दिवशी दुकानात सगळे मांडले होते. जुना उभा कॅमेरा, दोन नवे कॅमेरे, दिवे, छपाईचे यंत्र, मन्नीची कात्री. नाचियारकोविलला न्यायची लेन्स एका कॅमेऱ्यावर होती, फिल्टर काढलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी जायचे होते. बहीण दुकानामागच्या खोलीत शेगडीवर चण्याच्या उसळीला फोडणी देत होती. अण्णा सहाणेवर उगाळलेले गंध वाटीत घेऊन एकेका वस्तूला अंगठ्याने लावत चालला. तो त्या कॅमेऱ्यापाशी आला, झाकण काढले, आणि उघड्या दारातून ते दिसताच बहीण आतून ओरडली:

"अण्णा, तिच्यावर काच नाहीं! झांकणावर लाव!"

त्याचा हात थांबला. हे मी पाहिले. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर कापूर काढत होते. त्याने लेन्सकडे पाहिले, आतल्या दाराकडे पाहिले. मग अंगठा काचेवर टेकवला आणि नेहमीपेक्षा मोठे गंध लावले. त्यावर कुंकू.

मी म्हणाले, "अण्णा, ती काय म्हणाली ऐकलंस ना?"

तो म्हणाला, "देवाचें काम चाललें आहे. मधें बोलूं नये."

बहीण हात पुसत बाहेर आली तेव्हा आरती सुरू झाली होती. तिने काच पाहिली. आरती संपल्यावर ती पुढे झाली तर मन्नी म्हणाली, "आतां हात लावूं नये ग. उद्यां पूजा होलीं की मग." आणि नियम तसाच आहे. पूजेत मांडलेल्या हत्याराला दुसऱ्या सकाळच्या पुनःपूजेपर्यंत कुणी शिवत नाही. तोवर गंध ओले होते. ओले गंध ओल्या कागदाने उचलले असते तर काचेला काही झाले नसते. ते रात्रभर वाळले. सहाणेच्या दगडाचे कण गंधात उतरतात, कुंकवात हळद आणि चुना असतो, आणि लेन्सवर जो पातळ लेप असतो त्याला यातले काहीच मानवत नाही.

विजयादशमीला सकाळी आम्ही दोघी दुकानात गेलो. तिने पिशवीत फुंकणी, काच पुसायचे कागद आणि द्रावणाची बाटली घेतली होती. आधी फुंकायचे, मग ओला कागद ठेवून वाळलेला थर सैल होऊ द्यायचा, मग उचलायचा, घासायचे नाही, असे तिने मला वाटेत समजावले. पण आम्ही पोचलो तेव्हा पुनःपूजा उरकली होती. अण्णाच्या हातात ती लेन्स होती आणि तो नेसलेल्या वेष्टीच्या टोकाने ती घासत होता, पितळी तांब्या घासावा तशी.

बहीण म्हणाली, "नक्को अण्णा. नक्को. दे इकडे."

तो घासत राहिला. "होलं, होलं. निघालें बघ."

गंध निघाले होते. तिने लेन्स खिडकीकडे धरली. मधोमध बारीक ओरखड्यांचे एक वर्तुळ होते, अंगठ्याएवढे.

आता जे झाले त्याचा मला आजही राग येतो, म्हणून ते जसे झाले तसे लिहिते. अण्णाने तिच्या खांद्यावरून लेन्स पाहिली आणि म्हणाला:

"बघ. सांगटलों होतों ना? फिल्टर असता तर असें होलं असतें का?"

मग मन्नी म्हणाली, "खरेंच ग. असता तर वांचली असती."

मी म्हणाले, "कुणापासून?"

"काय?" अण्णा म्हणाला.

"फिल्टर असता तर लेन्स कुणापासून वाचली असती, एवढं सांग."

तो म्हणाला, "अग, सणाचा दिवस आहे."

मी सांगितले की तिने आतून ओरडून सांगितले होते आणि तू थांबला होतास. तो म्हणाला, कुणी ओरडले नाही. मन्नी म्हणाली, फोडणीच्या आवाजात मला तरी ऐकू आले नाही. मी म्हणाले, मला ऐकू आले, मी याच्या शेजारी होते. तो म्हणाला, तू नेहमी तिचीच बाजू घेतेस. म्हणजे माझी साक्ष बाद. काम करताना मी शेकडो खुलासे छापले असतील: ही वेळ बोलण्याची नाही, असे घडलेच नाही, घडले असेल तर दोष ज्याचे नुकसान झाले त्याचा. तिन्ही एका माणसाच्या तोंडून, एका दमात, स्वतःच्या घरात प्रथमच ऐकले.

मग त्याने मोबाइल काढला आणि आमच्यासमोर नाचियारकोविलला फोन लावला. लेन्स वाया गेली आहे, मुलीच्या हातून झाले, आज काही होणार नाही, पुढच्या आठवड्यात मी स्वतः येतो. तिचे वय चाळिशीच्या पुढे आहे, आणि तिच्या हातून काही झाले नव्हते. पलीकडून मालकीण काय म्हणाली ते ऐकू आले नाही. अण्णा नुसता "सरी, सरी", बरं बरं, म्हणत राहिला आणि फोन पुढे करून म्हणाला, "तिला तुझ्याशीं बोलायचें आहे म्हणे."

बहिणीने फोन घेतला नाही. तिने लेन्स कॅमेऱ्यावर चढवली, देवापुढच्या समईचा एक फोटो काढला, पडद्यावर मोठा करून पाहिला आणि मला दाखवला. ज्योती स्वच्छ होत्या. उलटे भूत नाही. ज्योतीच्या भोवती प्रकाश थोडा पसरला होता, काचेवर श्वास सोडला की पसरतो तेवढाच. लेन्सच्या पुढच्या काचेवरचे बारीक ओरखडे फोटोत जवळजवळ दिसत नाहीत, कारण लेन्स इतक्या जवळचे काही बघत नाही. तिला हे माहीत होते. अण्णालाही माहीत असायला हवे; आयुष्य त्याच धंद्यात गेले.

तिने कॅमेरा पिशवीत ठेवला. जाताना काउंटरवरचा फिल्टरही घेतला.

"तो कशाला आतां?" अण्णा म्हणाला.

"कारखान्यांत सराणावर कण उडतात," ती म्हणाली आणि निघाली. मी तिच्याबरोबर गेले.

आम्ही बस धरली. साक्कोट्टै मागे टाकले, दोन्हीकडे भाताची शेते लागली. मी बोलत होते आणि ती खिडकीबाहेर पाहत होती. शेवटी म्हणाली, "अक्का, थोडी गप बस. मला उजेडाचा विचार करूं दे."

कारखान्यात तिने आधी सराणावर, म्हणजे घासायच्या फिरत्या दगडावर, समया घासतानाचे फोटो घेतले, फिल्टर लावून, कारण तिथे पितळेचा चुरा उडतो. मग खिडक्यांना गोणपाट लावून घेतले. समई पेटवली, फिल्टर काढला, एका काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा लेन्सवर धरायला मला उभे केले, म्हणजे बाजूचा उजेड ओरखड्यांवर पडू नये. "हात हलवूं नक्को," एवढेच ती मला मधूनमधून म्हणत होती. मालकीण चहा घेऊन आली. तिने लेन्स पाहिली आणि विचारले, हे काय झाले?

बहीण म्हणाली, "पूजेचं गंध."

मालकीण म्हणाली, "काचेवर? कुणी लावलं?"

बहीण वात पुढे सारू लागली. उत्तर मी दिले. नात्यासह.

पुस्तक छापून आले. शेवटच्या पानावर बहिणीचे नाव आहे, स्टुडिओचे नाही. अण्णाने ते दुकानात पाहिले, आम्हाला बोलावून घेतले आणि पुस्तक काउंटरवर आपटले.

"कॅमेरा कोणाचा? लेन्स कोणाची?"

"कॅमेरा तुझा," ती म्हणाली. पिशवीतून काढून तिने तो समोर ठेवला. लेन्स हातात राहिली. "ही वाया गेली म्हणून तूंच फोनवर सांगटलंस. वाया गेलेलें दुकानांत कशाला ठेवतोस? मी घेऊन जातें."

त्याला आता दोनच गोष्टी म्हणता येत होत्या. लेन्स चांगली आहे, किंवा ने. चांगली आहे म्हटले तर त्या सकाळचे सगळे बोलणे मागे घ्यावे लागले असते. तो मन्नीकडे पाहत राहिला. मन्नी बिलांचे कागद जुळवत होती.

"ने," तो म्हणाला. "आणि उद्यांपासून इकडे येऊं नक्को."

अशा रीतीने तिला एक ओरखडलेली लेन्स मिळाली आणि वडिलांच्या स्टुडिओतली जागा गेली. नातेवाइकांत हे असे सांगितले जाते की तिने भावाची महागडी लेन्स खराब केली आणि वर हक्क सांगून घेऊन गेली. विठ्ठलाच्या भजनाला जमणाऱ्या बायकांनी मला हे माझ्या तोंडावर सांगितले. त्यातली एक म्हणाली, "मोठा भाऊ तो. काचेसाठीं इतकें?" मी तिला विचारले, काच कुणाच्या अंगठ्याने गेली ते माहीत आहे का? ती म्हणाली, जाऊ दे, आरती घे.

बहिणीने एक जुना कॅमेरा विकत घेतला, तीच लेन्स त्यावर बसवली. आमच्या पुढच्या खोलीत तिचे टेबल आहे. सुरुवातीला कामे आली नाहीत आणि त्याचे कारण आम्हाला उशिरा कळले. चोळपुरमचे एक कुटुंब वास्तुशांतीसाठी तिला शोधत स्टुडिओत गेले होते. अण्णाने त्यांना सांगितले, ती आता फोटो काढत नाही, डोळे अधू झाले. त्यांनी नाचियारकोविलला फोन करून पत्ता काढला, म्हणून आमच्यापर्यंत पोचले. त्या घरची सून दारात उभी राहून बहिणीच्या डोळ्यांत बघत होती, दिसते की नाही याचा अंदाज घेत.

मी त्याच दुपारी दुकानात गेले. गिऱ्हाईक होते, तरी विचारले.

तो म्हणाला, "तिच्या भल्यासाठींच सांगटलें. या वयांत बसमधून गांवोगांव फिरणार? काहीं होलं तर? कोण सांभाळणार?"

मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. संपादकाने कापले असते. तेव्हापासून मी त्या दुकानाची पायरी चढलेली नाही. बहीण म्हणते, सोड. मला सोडता येत नाही, आणि सोडावे असे वाटतही नाही.

चोळपुरमच्या सुनेला तिने वास्तुशांतीची तारीख दिली. माझ्याकडे वळून म्हणाली, "पुठ्ठा धरायला येशील ना?" मी हो म्हटले. तिने अट घातली की कुणी विचारले तरी अण्णाची गोष्ट त्यांच्या घरी काढायची नाही. त्याला मात्र मी हो म्हटलेले नाही.